बाईंचा खोकला

डॉक्टरबाईंना खोकला झालेला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दवाखान्यात येणारं अख्खं जग त्यांच्या खोकल्यानं हैराण होतं. माणसं स्वतःची पोटदुखी विसरून बाईंना मध चाटायचा सल्ला देत. कंपाउंडर बाटल्या पुसता पुसता म्हणे, "बाई, एकदा छातीचा फोटो काढून घ्याच," आणि बाई त्याच्यावर डोळे वटारत. डॉक्टर असून स्वतःचा खोकला बरा करता येत नाही, अशी बाहेर कुजबुज चाले. बाई ती निमूट ऐकून घेत. करतात काय?

खोकला होता तो मुलासाठी. मुलगा रंगांध होता. लाल रंग त्याला मातकट दिसायचा, तपकिरीत आणि हिरव्यात विरघळून जायचा. आता दुसरा कुठला धंदा असता तर हे खपूनही गेलं असतं. पण पोरगं झालं डॉक्टर. घसा लाल, डोळा लाल, पुरळ लाल, ओकारीत पडलं तर रक्त लाल. माणसाचं शरीर बिघडलं की आधी लाल होतं, आणि नेमकं तेवढंच याला दिसत नव्हतं.

हे त्याला आईकडून आलं होतं. बाईंचे वडील टोमॅटो पिकलाय की कच्चा हे दाबून ओळखत आणि घरातले त्यांची थट्टा करत. आजोबांकडून आईच्या रक्तातून नातवाकडे जातं, आईला स्वतःला काही होत नाही, हे बाईंनी कॉलेजात शिकून, परीक्षेत लिहून मार्कसुद्धा मिळवले होते. पुढे एक दिवस मुलगा एका पायात तांबडा आणि एका पायात हिरवा मोजा घालून शाळेला निघाला. घर खो खो हसलं. बाईंनी त्याचा हिरवा मोजा काढून दुसरा तांबडा चढवला. यात आपला काय दोष, असं त्या स्वतःला शेकडो वेळा समजावत, आणि एकदाही ते त्यांना पटलं नाही.

मेडिकलच्या प्रवेशाआधी डोळे तपासतात. रंगीत ठिपक्यांच्या चित्रांत आकडे लपवलेले असतात, ते वाचून दाखवायचे. बाईंनी ती चित्रं कुठून तरी पैदा केली आणि पाढे पाठ करून घ्यावेत तसे सगळे आकडे मुलाकडून घोटून घेतले. तो फडाफडा म्हणत गेला आणि पास झाला. खरं सांगितलं असतं तर त्याला कुणी हाकलून दिलंच असतं असं नाही. पण बाईंना ती जोखीम नको होती.

गंमत म्हणजे कॉलेजात पोरगा आपलं आपण सावरला. कातडीवर बोटांची मागची बाजू फिरवून कुठं गरम लागतंय ते पाहायचा, दाबून पाहायचा, काखेतल्या गाठी चाचपायचा, आणि अडलंच तर शेजारच्या मित्राला सरळ विचारायचा, "अरे, हे लाल आहे का?" मित्र हो की नाही ते सांगे आणि पुढं चालू लागे. कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते आईच्या दवाखान्यात आल्यावर. "चार लोकांत असं विचारत बसलास तर दवाखान्याला कुलूप लागेल," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याचं टेबल आपल्या टेबलाला लावून घेतलं आणि युक्ती ठरवली. बाई खोकल्या म्हणजे लाल. नाही खोकल्या म्हणजे लाल नाही. सोय तर उत्तमच झाली. इतकी उत्तम, की हळूहळू पोराचे हात मागे पडले. चाचपायचं कशाला, आई खोकतेच आहे.

एके दिवशी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "आई, आजपासून खोकू नकोस."

"आणि?"

"मी विचारीन लोकांना. मला लाल रंग कळत नाही, इथं लाल दिसतंय का, एवढंच तर म्हणायचंय."

"मग लोक काय म्हणतील, याचा विचार केलायस?"

"काय म्हणतील? हो म्हणतील, नाही तर नाही म्हणतील."

"माझ्या खोकल्याचा त्रास होतो का रे तुला?"

त्यानं कप खाली ठेवला. "लाज वाटते गं. तू खोकलीस की मला वाटतं, मी अजून आकडे पाठ करूनच पास होतोय."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याच्यासाठी आयुष्यभर जिवाचं रान केलं, त्यानं चहाच्या कपावर हे ऐकवावं? "बरं बाबा. नाही खोकत," त्या म्हणाल्या. "बघू या, किती चालतं ते."

दवाखान्यात बाईंनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. धाकट्या डॉक्टरांनी, लोक मुलाला असंच म्हणत, पहिल्याच म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, आरशात बघून सांगता का, हा डोळा लाल आहे का? मला लाल रंग नीट कळत नाही." म्हातारा होता खट्याळ. "अहो डॉक्टर, मग माझे कशाला तपासताय? आधी तुमचे तपासून घ्या की!" म्हणाला. दारात उभ्या असलेल्यांनी ते ऐकलं आणि एकच हशा पिकला. धाकटे डॉक्टरही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले बाईंना पेपराआडून दिसले. बाईंना वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

त्यानंतर आला सुतार. दवाखान्याबाहेरचं बाकडं, आतली औषधांची फडताळं, सगळं त्याच्याच हातचं. उजव्या तळव्यात लाकडाची कपची घुसली होती, ती त्यानं स्वतःच उपटून काढली होती आणि आता तळवा सुजला होता. "काही नाही हो, बायकोनं पिच्छाच पुरवला म्हणून आलो. ती बाहेर बसलीय, नाही तर पळून गेलो असतो," म्हणत त्यानं हात पुढं केला.

धाकट्या डॉक्टरांनी तळवा पाहिला. मग बाही वर सारून हात उजेडाकडे धरला, मनगटापासून कोपरापर्यंत नजर फिरवली आणि थांबले. तोंड उघडलं, मिटलं. मघाचा हशा अजून खोलीतच होता. त्यांनी आईकडे पाहिलं.

ती नजर बाईंना पेपरातूनही जाणवली. पेपराच्या कडेवरून त्यांनी डोकावून पाहिलं. मध्ये मुलाचा खांदा आला होता, सुताराचा हात धड दिसत नव्हता. उठून दोन पावलं जायला हवं होतं. विचार की आता, मोठा विचारणारा, असं मनात म्हणून बाईंनी पेपर पुन्हा वर केला.

खोकला आला नाही. लाल नाही. मुलानं जखम धुतली, मलमपट्टी केली, दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि परवा दाखवायला बोलावलं. नको म्हटलेल्या खोकल्याचीच तो वाट पाहत होता, हे त्याचं त्यालाही तेव्हा उमगलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सुताराची बायको धावत आली. नवरा तापानं फणफणला होता, हुडहुडी भरून असंबद्ध बडबडत होता. बाई तशाच उठल्या, मागोमाग मुलगा. घरी जाऊन बाईंनी सुताराच्या सदऱ्याची बाही वर सारली. मनगटापासून थेट काखेपर्यंत लाल रेघ चढली होती, सुतार कानावर खोचतात त्या पेन्सिलीनं आखल्यासारखी सरळ. मुलानं रेघ पाहिली नाही, आईचा चेहरा पाहिला, आणि त्याला सगळं कळलं. त्यानं हातावर बोटांची मागची बाजू फिरवली. काल फिरवायची राहिली होती ती.

मोठ्या हॉस्पिटलात सर्जननं तळवा उघडून पू काढला. माणूस वाचला. पण दोन बोटं आता वाकणार नाहीत, असं सर्जननं जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. उजव्या हाताची. रंधा धरायचा हात.

सुतार शुद्धीवर आल्यावर मायलेक त्याला भेटायला गेले. दुपारची वेळ होती, वॉर्डात फिनेलचा वास होता, आणि सुताराचा बँडेजमधला हात उशीवर ठेवलेला होता. बायको स्टुलावर बसली होती. बाईंना पाहून दोघंही गडबडीनं नीट बसायला गेले, तेच बाईंच्या जिवाला लागलं.

"बाई, मी यांना दवाखान्यात येतानाच म्हटलं होतं," बायको म्हणाली. "आतल्या बाजूनं कोपरापर्यंत लाल रेघ आलीय, डॉक्टरांना नीट दाखवा म्हणून. यांनी बघितलंसुद्धा नाही. मग डॉक्टरांना कशी नाही दिसली?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. आणि बाईंच्या तोंडून फट्‌कन निघून गेलं, "दवाखान्यात आले तेव्हा रेघ नव्हती हो वहिनी. ही नंतर चढते. काही तासांत चढते."

मुलानं आईकडे पाहिलं. बाईंनी चादरीची घडी नीट केली.

"ऐकलंस?" सुतार बायकोवर उखडला. "शुद्धीवर आल्यापासून डोकं खातेय माझं, रेघ होती नि रेघ होती. बाई स्वतः तिथं बसल्या होत्या. त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं का? उगाच लोकांना दोष देत फिरायचं!"

बायकोनं एकदा बाईंकडे पाहिलं. मग खाली मान घालून ती म्हणाली, "असेल. मलाच भास झाला असेल. मला तरी काय कळतंय."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला दिसलं होतं, तिलाच त्यांनी खोटं पाडलं होतं, तेही तिच्या नवऱ्याच्या तोंडून. आता बोलावं, लगेच बोलावं, असं त्यांना आतून वाटत होतं. पण एवढी वर्षं जे झाकलं, ते असं एका वॉर्डात, शेजारच्या कॉटवरचे लोक कान टवकारून बसलेले असताना कसं उघडायचं?

"वहिनी, रेघ होती," मुलगा म्हणाला.

बाईंनी त्याची बाही ओढली. त्यानं हळूच सोडवून घेतली.

"तुम्हाला भास झाला नाही. मला लाल रंग दिसत नाही. जन्मापासून. म्हणून मला रेघ दिसली नाही. हातानं तपासली असती तर कळली असती, तेही मी केलं नाही. चूक माझी आहे."

सुतारानं उशीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. तो आता शिव्या देईल, असं बाईंना वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग विचारायचं होतं," तो म्हणाला. "मला नाही तर हिला. ही बाहेर बाकड्यावरच बसली होती. सांगितलं असतं की हिनं. त्याला काय पैसे पडतात?"

"आधी एकाला विचारलं होतं. लोक हसले. मग धीर झाला नाही."

"हसू द्यायचं होतं," सुतार म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "लोकांच्या हसण्यापायी माझी बोटं गेली का डॉक्टर?"

मुलगा तिथंच उभा राहिला, मान खाली न घालता, आणि डोळे भरून आले तरी त्यानं ते पुसले नाहीत. आपल्या पोराला असं उभं राहता येतं हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याला ते शिकवलंच नव्हतं.

मग बायकोनं बाईंकडे तोंड वळवलं. "यांना दिसत नाही, ठीक आहे. पण बाई, तुम्ही तर शेजारीच होता. तुम्हाला दिसतं ना?"

बाईंच्या मनात सबबी तयार होत्या. मध्ये खांदा आला, उजेड कमी होता, पेशंट मुलाचा होता. एकेक करून त्या सगळ्या ओठांपर्यंत आल्या.

"दिसतं," बाई म्हणाल्या. "मी उठून बघितलं नाही."

"का?"

"सकाळी आमचं भांडण झालं होतं," बाई म्हणाल्या. "मी मुलावर रुसले होते."

सुतारानं बँडेजचा हात डाव्या हातानं उचलून छातीवर घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.