रेघेविना त

त्स्वेताबाईंनी करार परत पाठवला तेव्हा त्यावर सही नव्हती. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक आकडा काढलेला होता, १. आमच्या सर्बियातल्या शाळांत पाच म्हणजे उत्तम आणि एक म्हणजे सरळ नापास. बाईंनी जन्मभर पहिलीच्या पोरांकडून अक्षरं गिरवून घेतली, त्यात मीही होते, त्यामुळे तो आकडा बघताच मी पुन्हा पहिलीच्या बाकावर जाऊन बसले.

सही हवी होती बुदिमीरला. बुदिमीर बाईंचा भाचा आणि माझा मालक. लेस्कोवात्सच्या भाजलेल्या लाल मिरच्यांचा आयवार, म्हणजे चटणीसारखा लगदा, तो बरण्यांतून विकतो, कृती बाईंची आणि नावही बाईंचं: तेत्का त्स्वेता, म्हणजे त्स्वेता आत्या. हे नाव कंपनीनं वापरावं असं बाईंनी लिहून दिल्याशिवाय त्याची नोंदणी होत नव्हती. मिरच्यांचा हंगाम सुरू झालेला आणि बरण्या लेबलाविना बोडक्या उभ्या. आत्याला म्हातारपणी खोड्या सुचतायत, असं म्हणून त्यानं मला तिच्याकडे धाडलं.

बाईंनी कॉफी केली, साखरेचा खडा बशीत ठेवला आणि मी विचारल्यावर एवढंच म्हणाल्या, "नाव चुकलंय. पहिल्याच ओळीत नाव चुकलं की पुढचं मी वाचत नाही."

"कुठं चुकलंय, बाई?"

"माझ्या वर्गात होतीस ना? मग बघ की."

मी चिडलेच. कारण ते पान माझं होतं. बेलग्रेडच्या इसिदोरा नावाच्या मुलीनं कंपनीसाठी एक पुस्तिका करून दिली होती: सगळ्या कागदांवर एकच फॉन्ट, मथळे कौलाच्या रंगाचे, आणि नाव जिथं येईल तिथं तिरप्या अक्षरांत. ते सगळं कॉम्प्युटरवर बसवलं मी. आधी एक मूळ शैली, म्हणजे अक्षरं कशी दिसावीत याचा साचा, आणि तिच्या पोटी मथळ्याची, मजकुराची आणि नावाची शैली. त्याआधी आमच्या ऑफिसात प्रत्येक जण आपापल्या कागदाचा राजा होता. एक गृहस्थ तर मथळा मध्यभागी यावा म्हणून स्पेसची कळ बडवत बसायचे. ती मोगलाई मी मोडली आणि त्यावर मला मिळाला एक!

पण माझा एक स्वभाव आहे, राग ओसरला की चौकशी सुरू होते. ऑफिसात येऊन मी इसिदोराची छापील पुस्तिका आणि करार शेजारी शेजारी ठेवले. फॉन्ट तोच, आकार तोच, रंग तोच. मग नाव एकेक अक्षर करून वाचलं, पहिलीत वाचायचो तसं. आणि सापडलं.

पुस्तिकेतल्या तिरप्या त ला तीन उभ्या काड्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर आडवी रेघ. बाईंनी शिकवला तसा. करारातल्या त ला तीन पायांची कमान होती आणि डोक्यावर काहीच नाही. असा त रशियन लोक काढतात. आम्ही मात्र लहानपणापासून सिरिलिक आणि लॅटिन अशा दोन लिप्या वाचतो, आणि आमच्या दुसऱ्या, लॅटिन लिपीत तोच आकार म असतो. सुरुवातीचा मोठा त बिघडत नाही आणि त्स हे आमच्यात वेगळंच अक्षर, म्हणजे करारात बाईंचं नाव झालं होतं तेम्का त्स्वेमा. पडद्यावर असले त बघून बघून डोळे इतके सरावलेत की ऑफिसात एकालाही ते खटकलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली. "रेघ नसलेला त म्हणजे थंडीत टोपीशिवाय निघालेलं पोर," असं बाई सांगायच्या आणि फळ्यापाशी बोलावून आमच्याकडून टोपी घालून घ्यायच्या.

पण फॉन्ट एक असताना त दोन कसे? हे काही मला स्वस्थ बसू देईना. इसिदोराला फोन केला. ती म्हणाली की फॉन्टमध्ये दोन्ही त आहेत, आमचाही आणि रशियनही, आणि पुस्तिका तिनं वेगळ्या प्रोग्रॅममध्ये केली होती. मग तिनं सहज विचारलं, "पण तुमच्या प्रोग्रॅमला कसं कळणार, कुठला हवाय ते?"

फोन ठेवला तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, कसं कळणार? कुणीतरी सांगायला हवं. मी मूळ शैली उघडली. फॉन्ट, आकार, ओळींमधलं अंतर, हे सगळं माझ्याच हातचं. त्याखाली एक चौकट होती, तिकडे मी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. भाषा. तिच्यात लिहिलं होतं, इंग्रजी. प्रोग्रॅम ऑफिसात आला तेव्हापासून तो समजत होता की आम्ही इंग्रजी लिहितोय, आणि इंग्रज माणसाला कुठला त हवा हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

मी तिथं सर्बियन निवडलं, सिरिलिक लिपी, आणि ठीक म्हटलं. आई बदलली तशा लेकी बदलल्या. पानभर जिथं जिथं तिरपं नाव होतं तिथं तिथं त च्या डोक्यावर रेघ येऊन बसली. इतका आनंद झाला मला की शेजारच्या टेबलावरच्या बाईला ओढून आणून दाखवलं. तिला काही कळलं नाही, पण तिनं छान म्हटलं.

मग मी शेवटपर्यंत बघत गेले. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात त्स्वेमा तशीच, उघड्या डोक्यानं. मी पुन्हा शैली तपासली. बाकी सगळे सुधारले आणि हा एकटाच का अडून बसलाय? कारण तो माझ्या कुळातला नव्हताच. कुणीतरी दुसरीकडून उचलून तिथं चिकटवला होता आणि हातानं रंग-आकार देऊन बाकीच्यांसारखा केला होता. करार मी स्वतः टाइप केला होता. हा परिच्छेद मी टाइप केलेला नव्हता. मग मी तो पहिल्यांदा वाचला. कंपनी विकली गेल्यास नावही तिच्यासोबत जाईल, आणि घेणारा ते कशावरही लावू शकेल, बाईंना न विचारता.

मी ते पान घेऊन बुदिमीरच्या खोलीत गेले आणि हा परिच्छेद कुणी घातला ते विचारलं. तो कबूल झाला, त्यात लपवण्यासारखं काही नसल्यासारखा. नोवी सादचा एक व्यापारी कंपनी घ्यायची म्हणून विचारपूस करतोय, उद्या वेळ आली तर अडायला नको. आत्याला काय, तिला कुठं दुकान थाटायचंय? मग त्यानं पानावर बोट ठेवलं. "फक्त हा परिच्छेद पण सारखा करून टाक. उठून दिसतोय."

"बघते," मी म्हटलं.

एक क्लिक पुरेसं होतं. मी दोनदा बोट कळीवर ठेवलं आणि दोनदा उचललं. नोकरी त्याची, पण त मला बाईंनी शिकवला होता. शेवटी होतं तसंच छापलं.

रविवारी आम्ही दोघं बाईंकडे गेलो. त्या अंगणात मिरच्या भाजत होत्या, हात काळे झालेले. ते धुऊन, चष्मा लावून, लाल पेन्सिल घेऊन बसल्या. पहिल्या ओळीवर थांबल्या आणि हसल्या. दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग पान उलटलं, वाचत वाचत खाली आल्या आणि रेघ नसलेल्या त पाशी पेन्सिल थबकली.

"नेवेना, हा कुणाच्या वर्गातला?"

"माझ्या नाही, बाई. वाचून बघा."

त्यांनी ओठ हलवत वाचलं. बुदिमीर घाईघाईनं समजावू लागला, की नुसती पद्धत असते, वकील लिहितातच असं.

"म्हणजे उद्या कुणी माझ्या नावानं भोपळ्याचा लगदा विकला, तरी मी बघत बसायचं?"

"तसं कोण करणार आहे, आत्या?"

"मग लिहिलंस कशाला?"

बाई पट्टी आणायला आत गेल्या तेव्हा तो माझ्यावर दातओठ खात कुजबुजला, "तुला एवढं एकच सारखं करायला सांगितलं होतं."

"राहून गेलं," मी म्हटलं.

बाईंनी पट्टी लावून तो परिच्छेद आडवा-तिडवा खोडला आणि शेजारी आधी बुदिमीरची सही घेतली. मग पेन हातात घेऊन स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, पहिलीच्या फळ्यावर लिहायच्या तसं. शेवटी त वर रेघ ओढली, आणि ती एवढी लांब ओढली की अख्खं नाव तिच्याखाली आलं.