जाळीतला मोगरा

परक्या देशाच्या बंदरात स्वतःच्या शिडाच्या बोटीने शिरताना डोलकाठीवर पिवळे निशाण चढवावे लागते. तपासणी होऊन ते उतरेपर्यंत कप्तानाखेरीज कोणी धक्क्यावर पाऊल टाकायचे नाही आणि धक्क्यावरच्या कोणी बोटीवर यायचे नाही. सत्तावीस दिवसांच्या प्रवासात धाकटीने हा नियम बोटीचा कप्तान असलेल्या नवऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता, की झोपेतून उठवून विचारले असते तरी तिने तो घडाघडा म्हणून दाखवला असता. साठी उलटली तरी माहेरच्या नात्याने ती धाकटीच होती. आणि जिच्यामुळे धाकटी होती ती ताई समोरच, दहा-बारा हातांवर, लोखंडी कठड्यापलीकडे काठी टेकून उभी होती.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली, घर विकले गेले आणि अंगणातला मोगरा धाकटीने ताईला न विचारता कुंडीत काढून नेला. त्यानंतर ताईने तिचा फोन उचलला नाही. इथे परदेशी राहणाऱ्या ताईला या प्रवासाचे पत्राने कळवले, तेव्हा दोन ओळींचे उत्तर आले होते: "येणार असशील तर आईचा मोगरा घेऊन ये. नुसतं तोंड दाखवायला येऊ नकोस."

मागच्या बंदरात नवऱ्याने बजावले होते, "रोप, माती, फळ, भाजी, काही चालत नाही तिथे. ते झाड इथेच कोणाला तरी देऊन टाक."

"दिलं," असे धाकटीने संध्याकाळी सांगितले आणि कुंडी पुढच्या खोलीत, तरंगजाकिटांच्या मागे सरकवली. पुढे आठ दिवस आपल्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातून ती त्याला घोट-घोट पाजत होती.

तपासणी अधिकारी बाई आल्या, बूट काढून आत बसल्या. कप्तानांनी फाइल उघडली: बोटीचे नोंदणीपत्र, मागचे बंदर सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, माणसांची यादी.

"दोन माणसांच्या यादीच्या चार प्रती?" बाईंनी विचारले.

"पाचवीही आहे," कप्तान अभिमानाने म्हणाले.

"फळं, भाज्या?"

"काल संपवल्या. शेवटची चार लिंबं हिने मला एका बैठकीत पाजली. दात अजून आंबलेत."

"झाडं, माती, बियाणं?"

"काही नाही," असे म्हणून कप्तानांनी त्या रकान्यात तसे लिहिले आणि सहीसाठी पान उलटले.

धाकटीने गोल खिडकीतून पाहिले. ताईने काठी या हातातून त्या हातात घेतली होती. गप्प राहिले तर मोगरा ताईच्या हाती पडेल. बोलले तर ताई पाठ फिरवून निघून जाईल, आणि पुन्हा येण्याइतके आयुष्य दोघींच्याही गाठीशी नव्हते. पण समोर जो हात सही करणार होता, त्याने चाळीस वर्षांत एकाही कागदावर खोटे लिहिले नव्हते.

"अहो, सही करू नका."

तिने कुंडी आणून टेबलावर ठेवली. कप्तानांनी पेन खाली ठेवले.

"कोणाला तरी दिलं म्हणालीस ना?"

"कोणाला ते तुम्ही विचारलं नाहीत. मलाच दिलं."

बाईंनी भिंग लावून पान न् पान पाहिले. "सही झाल्यावर सापडलं असतं तर बोट अडकवली असती. आधी सांगितलंत, बरं केलंत. पण हे जमिनीवर उतरणार नाही. एक तर मी नेऊन जाळते, नाहीतर इथेच बारीक जाळीत बांधून सील करते. निघताना सील शाबूत दिसलं पाहिजे."

जाळी बांधली गेली, शिक्के पडले, पिवळे निशाण उतरले. धाकटी धक्क्यावर उतरली तेव्हा पायांखालची जमीन झुलत होती.

ताईने आधी तिच्या हातांकडे पाहिले. "रिकामीच आलीस."

"मोगरा बोटीत आहे, ताई. खाली उतरवायला परवानगी नाही."

"मग मला काय त्याचं? झोपाळ्यावर बसले तरी गरगरतं मला. लपवून आणायचास की!"

"लपवूनच आणला होता. यांची सही खोटी ठरली असती, म्हणून तोंड उघडलं."

"हं. माझ्या वेळी नाही उघडलंस ते."

"तेव्हाच उघडायला हवं होतं. चुकलं माझं."

ताई बोटीकडे, मग बोट आणि धक्का यांमधल्या वीतभर पाण्याकडे पाहत राहिली. मग काठी पुढे केली.

"धर ही. आणि त्या तुझ्या कप्तानाला सांग, बोट हलवायची नाही."

"बांधलेली आहे गं ती."

"तरी सांग."

कप्तानांनी हात दिला, धाकटीने कंबर धरली आणि डोळे गच्च मिटून ताई आत आली. टेबलाची कड दोन्ही हातांनी पकडून ती बसली. हळूहळू तिने डोळे उघडले. जाळीआड एकच कळी उमलली होती. ताईने नाक जाळीला टेकवले आणि तशीच राहिली.

"पाणी कमी पडलंय याला," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "पानं बघ कशी झालीत. तुझ्याकडून होणारच नाही ते."

"मग तूच घाल," म्हणत धाकटीने पेला पुढे धरला.

ताईने एक हात टेबलावरून सोडला.