गालाची पारख

मेणाचा थेंबच जणू... स्केटबोर्डच्या फळीच्या कडेला, लाकडाच्या तिसऱ्या आणि चौथ्या पदराच्या मधे, नखाएवढा पांढुरका डाग. डेल्फिनाने फळी दाराच्या उजेडाकडे धरली, अंगठ्याने घासून पाहिली. पण डाग पुसला जाणारा नव्हता, आतला होता – तिथे सरसाने लाकूड धरलंच नव्हतं. आणि मेण आठवायचं कारण म्हणजे हे वर्षच तसं होतं : तिच्या लेकीच्या लेकीचा, नोएलियाचा, बाप्तिस्मा झाला ते वर्ष. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी तिचा धाकटा भाऊ फिदेन्सियो धर्मपिता म्हणून मेणबत्ती धरून उभा होता, मेण ओघळत त्याच्या बोटांवर आलं, थिजलं, त्यावर पुन्हा आलं... आणि हा पाद्रीबाबांकडे बघत शांतपणे हसत राहिला. मागच्या बाकावरच्या बायका कुजबुजल्या, काय भक्ती आहे बघा! भक्ती कसली. डेल्फिनाला तेव्हाच कळलं होतं. साखरेच्या आजाराने त्याची बोटं मेली होती.

तिने फळी थप्पीवर परत ठेवली. ठेवली म्हणजे आपटलीच.

पलीकडे फळ्या दाबायच्या प्रेसपाशी फिदेन्सियोची पाठ दिसत होती, रुंद, घामेजलेली, आणि त्या पाठीचाच तिला संताप आला. मेपलचा पदर घ्यायचा, सरसाच्या रुळांतून काढायचा, साच्यावर ठेवायचा, पुढचा घ्यायचा. उभ्या रेषांचे पाच, आडव्या रेषांचे दोन, असे सात झाले की प्रेस खाली – सगळं तसंच, त्याच ऐटीत. आणि प्रत्येक पदर उचलताना त्यावरून बोटांची टोकं फिरवायची, डोळे किलकिले करून, जसं काही लाकूड त्याला अजून काही सांगतच होतं! जूनचा महिना. समुद्रावरून आलेलं धुकं दुपारपर्यंत तिहुआनाच्या टेकड्यांवरून हलत नाही, आणि लाकूड त्या दिवसांत तहानलेल्या माणसासारखं हवा पितं. ओल्या पदराला सरस धरत नाही. तो पदर ओळखून बाजूला काढायचा, पत्र्याखालच्या उबेला ठेवायचा, उद्या घ्यायचा. हे फिदेन्सियोइतकं कुणालाच साधत नव्हतं. एके काळी.

बाबा खुर्च्या करायचे. त्यांनी दोघांना शिकवलं होतं, लाकडाचा पदर गालाला लावायचा, क्षणभर थांबायचं. बोटांना घट्टे पडतात, गालाला पडत नाहीत, म्हणायचे. डेल्फिना लावायची. फिदेन्सियो तेव्हा चौदाचा, ओठांवर नुकती लव आलेली, तो म्हणाला होता, “गाल बायकांनी लावावेत.” आणि बोटांनी पारख करून दाखवली होती, एकही न चुकता. बाबा हसले होते. त्यांना अभिमानच वाटला होता, मला दिसलं ना ते... मुलगी बरोबर करत होती त्याचं कुणाला काय!

“डेल्फिनाबाई,” घासायच्या यंत्रावरून क्रिस्पिन ओरडला, लाकडाच्या भुशाने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, “आज उड्या नाहीत वाटतं? अमेरिकेच्या कुंपणापलीकडचे लोक वाट बघत असतील, भूकंप कसा झाला नाही म्हणून.”

“तुझ्या सासूला बोलव. ती नुसती बसली तरी होईल.”

“ती बसली की उठत नाही, हीच तर अडचण आहे.”

लोक हसले. फिदेन्सियोही हसला, मागे न वळता. त्याच्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दर थप्पीतून एक फळी उचलायची, बोटाच्या पेराने वाजवायची, मग दोन ओंडक्यांवर आडवी ठेवून तिच्यावर उडी मारायची – हे डेल्फिनाचं काम. यंत्र आहे एक, मालकिणीने आणलेलं, वजन टाकणारं. पण ते फळी किती वाकली एवढंच सांगतं, आणि डेल्फिनाच्या टाचांना ती कशी वाकली ते कळतं. चांगली फळी खाली जाते आणि परत वर येताना तुम्हाला ढकलते, चिडलेल्या पोरासारखी. वाईट फळी ढकलत नाही. मग तिच्यावर उभं राहून जिन्यांवरून, कठड्यांवरून झेपावणाऱ्या कुणा अनोळखी पोराचे समोरचे दात, मनगट, घोटा... ते पोर कुठलं, कुणाचं, कधीच कळत नाही. म्हणून तर नीट मारायची उडी. ती वर्षानुवर्षं नीट मारत आली होती.

पण आत्ता, त्या पांढुरक्या डागाकडे बघताना, तिला एक गोष्ट उलगडली आणि तिचे कान तापले. या धुक्याच्या दिवसांत तिच्या उड्या बदलल्या होत्या. तिने ठरवलं नव्हतं. शरीरानेच परस्पर ठरवलं होतं : फळीवर पाय टेकायच्या आधी गुडघे वाकायचे, वजन जरासं आधीच सांडून जायचं, आणि फळी तगायची. थप्प्या पुढे जायच्या. मालकीण ईस्टरनंतर सगळ्यांसमोर म्हणाली होती, “फिदेन्सियो, अजून एक थप्पी परत आली तर प्रेसवर दुसरा माणूस.”   आणि डेल्फिनाच्या गुडघ्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

म्हणजे याने मला खोटं बोलायला लावलं. एक शब्द न बोलता, मिठाची गुळणी धरून. बोटं याची मेली आणि लबाड झाले माझे गुडघे!

तेवढ्यात तो आलाच, दोन पेले घेऊन. दालचिनीची कॉफी, पत्र्याच्या पेल्यांत, काठापर्यंत उकळती. तिने पेला घेतला आणि चटका बसून लगेच फळकुटावर ठेवला. त्याने आपला तसाच धरला होता, सगळी बोटं भोवती, जसा थंडीत धरतात.

“घे ना,” तो म्हणाला, “निवते.”

“खिशात काय आहे?”

“कुठे काय?”

“काही तरी गोड आहे. कागद दिसतोय.”

“गोड पाव आहे गं, अर्धाच. फिना, तू माझी आई आहेस का?”

“आई असते तर थोबाडीत मारली असती.”

तो हसला, पायांचा भार बदलला – डावा बूट सैल, नाडीच नाही – आणि थप्पीकडे हनुवटी उडवून सहज म्हणाला, “झाली का ती? चांगली आलीय.”

चांगली आलीय. हे तो तिच्या तोंडाकडे न बघता म्हणाला. त्याला ठाऊक होतं... नव्हतं? नसेल तर तो मूर्ख, असेल तर – तिला पुढचा शब्द सापडला नाही, आणि शब्द शोधत बसण्याइतका धीरही उरला नाही. तिने तीच डागाची फळी ओढली, ओंडक्यांवर टाकली, झग्याचा घोळ एका हाताने आवळला आणि उडी मारली. गुडघे ताठ ठेवून, सगळं वजन, सगळा फेब्रुवारी, ते मेण, त्या बायकांची कुजबुज, बाबांचं हसणं, सगळं टाचांत घालून.

फळी मोडली नाही. सोलली. पदर पदरापासून सुटला, ओल्या पुठ्ठ्यासारखा, आणि डेल्फिना ओंडक्यांच्या मधे उभी राहिली, घोट्यापर्यंत चिरफळ्यांत. क्रिस्पिनने यंत्र बंद केलं. 

“सरस जुना असेल,” फिदेन्सियो म्हणाला.

“सरस सोमवारी उघडलाय. तूच उघडलास.”

“मग दाब कमी –”

“गप्प बस!” ती प्रेसकडे गेली, न लावलेल्या गठ्ठ्यातून वरचा पदर उचलला आणि परत आली. तो पदर तिला त्याच्या तोंडावर मारायचा होता. खरंच मारायचा होता, हात उगारलेलाही होता. पण भाऊ मागे सरला नाही, आणि पदर त्याच्या गालाशी जाऊन नुसता टेकला. दाढीच्या खुंटांवर घासला. फिदेन्सियोने डोळे मिटले.

कॉफीची वाफ दोघांच्या मधून वर जात राहिली.

“ओला आहे,” तो म्हणाला. मग, डोळे न उघडता, “चांगलाच ओला आहे गं.”

आणि तिला वाटलं होतं की इथे राग संपेल. बोटं गेली, बिचारा, काय करणार... असं काही तरी मनात येईल, आणि आपण रडू. तसं झालं नाही. उलट आत काही तरी खडकन सरकलं आणि राग आणखी खाली, जिथे आजवर कधी पोचला नव्हता तिथे जाऊन बसला. म्हणजे गाल शाबूत होता! इतके दिवस. गाल त्याच्यापाशी होताच, दोन बोटांच्या अंतरावर, बाबांनी दाखवलेला, आणि एकदाही, कुणी बघत नसतानाही, त्याने पदर तिथवर उचलला नव्हता.

“तुला कधीपासून माहीत होतं?” त्याने विचारलं.

“मेणबत्तीपासून.”

“मग बोलली का नाहीस?”

हा प्रश्न त्याने तिला विचारावा! तिने उत्तरासाठी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, चांगलं धारदार, दोनचार महिने परजलेलं. पण हातातला पदर अजून त्याच्या गालावरच होता, आणि तिच्या लक्षात आलं की आपणही, कोपरापर्यंत हात लांब करून, तो तिथे धरून ठेवलाय... आणि ही गोष्ट कुठल्याही दिवशी करता आली असती. फेब्रुवारीतही. मार्चमध्येही. तिने फक्त उड्या हलक्या केल्या होत्या.

राग होताच. तो गेला नाही. फक्त आता तो कुणाकडे तोंड करून उभा आहे हे तिला सांगता येईना.

“पुढची आण,” ती म्हणाली.

फिदेन्सियोने पेला ठेवला, थप्पीतली दुसरी फळी दोन्ही हातांनी उचलली, ती पडू नये म्हणून छातीशी धरली, आणि ओंडक्यांवर आणून ठेवली. ठेवताना त्याने बोटं फिरवली नाहीत. डेल्फिनाने झगा आवळला. गुडघे वाकणार की नाहीत हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

फिदेन्सियो ओर्नेलास त्याच वर्षी, नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणाच्या आदल्या आठवड्यात, डाव्या पायाचं दुखणं रक्तात भिनून वारला. नोएलिया तेव्हा अजून चालायला लागली नव्हती.