पुस्तकात नसलेला फाटा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पायवाटांची माहिती देणारं माझं पहिलं पुस्तक छापून आलं, त्या संध्याकाळी माझ्या नणंदेने ते हातात घेतलं, मागून पुढून पाहिलं आणि म्हणाली, "फोटो झकास आहेत गं. पण माझ्यासारखी कधी डोंगर न चढलेली बाई यावर विसंबून जाऊ शकेल का?"

"अहो ताई, तुमच्यासारख्यांसाठीच तर लिहिलंय," मी फणकारले. "डोळे मिटून जा."

"मग उद्याच जाते. एकटी. बघू तरी बाईसाहेबांनी काय दिवे लावलेत."

मला वाटलं, सकाळपर्यंत विसरेल. कसलं काय. सकाळी मी प्रकाशकांच्या ऑफिसात पोचले तर तिचा मेसेज आला: 'भिंतीच्या वाटेने निघाले. डोळे उघडे ठेवूनच.'

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एकीत प्रकाशक, दुसरीत पुस्तकांचे गठ्ठे आणि चिकटपट्टीचा वास. दुपारी टेम्पो येऊन सगळ्या प्रती दुकानांत जाणार होत्या. "आता लेखिका झालात बरं का मॅडम," प्रकाशक म्हणाले, "चहा तुमच्याकडून." मी आतून फुलून गेले होते, खोटं कशाला बोलू. उगाच एक प्रत उचलली आणि नणंद जिथे गेली होती ती वाट उघडून वाचायला लागले.

ही वाट मी नेहमी वरून खाली चालले आहे. बस वरपर्यंत जाते, मग कोण कशाला चढतंय? पण वाचक गाडीने येतात, तेव्हा सगळ्या वाटा खालच्या पार्किंगपासून सुरू करा, असं प्रकाशकांचं म्हणणं पडलं. झालं. मी टेबलाशी बसून ती वाट उलटी लिहून काढली. उजवं तिथे डावं, उतार तिथे चढ. पुन्हा पुन्हा तपासलीही. शब्द सगळे बरोबर होते.

पण पडक्या दगडी भिंतीच्या वर एक जुनी वाट येऊन आपल्या वाटेला मिळते. उतरताना ती पाठीमागून तिरकी येते, त्यामुळे मान वळवल्याशिवाय दिसत नाही, आणि दिसली तरी काही बिघडत नाही. चढणाऱ्याला मात्र तिथे समोर दोन वाटा फुटतात. त्यातली रुंद, मळलेली वाट बंद पडलेल्या खाणीकडे जाते. थोडं पुढे गेलं की ती वाट संपते, आणि जमीनही. माझ्या पुस्तकात त्या जागी एवढंच होतं: 'सरळ चालत राहा.'

नणंदेला फोन लावला, लागेना. खिडकीतून डोंगराकडे पाहिलं तर डोंगरच नव्हता, नुसतं धुकं.

"काय झालं मॅडम?" प्रकाशकांनी विचारलं.

"काही नाही. घरी जरा काम निघालं," मी म्हटलं. खरं सांगितलं तर पुस्तक अडकेल, ही भीती. दुसरं काय.

नवऱ्याला मात्र खरं सांगितलं. तो लगेच गाडी घेऊन ऑफिसखाली आला. गाडी चालवताना फक्त एकदा म्हणाला, "आई गेल्यावर हिनेच मला लहानाचं मोठं केलंय." मला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

पार्किंगमध्ये तिची गाडी उभी होती. आम्ही चढायला लागलो. स्वतःच लिहिलेल्या वाटेने, लिहिलेल्या दिशेने, मी पहिल्यांदाच चालत होते. धाप लागत होती आणि ताईंना हाका मारत होते. धुक्यात हाकही धड पुढे जात नव्हती. दगडी भिंत आली, मागे पडली. मग फाटा. मला वाटलं होतं त्याहून तो वाईट निघाला, कारण खरी वाट झुडपांत दबली होती आणि खाणीची वाट अगदी या, बसा म्हणत होती. तिथल्या ओल्या मातीत बुटांचे ताजे ठसे होते. आत जाणारे.

मी धावले. नवरा मागून ओरडला, "अगं, सांभाळ!" कड्याच्या अलीकडे मी गुडघ्यांवर बसले आणि पुढे सरकत खाली पाहिलं. खाली पांढऱ्याशिवाय काही दिसेना. "ताई!" माझा आवाज चिरकला. उत्तर नाही. देवा, हिला काही झालं तर मी याला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

मग मागून, बरंच खालून, हाक आली. "अरे, इकडे! काय बोंबलताय?"

पडक्या भिंतीच्या पलीकडे, वारा लागू नये म्हणून, ती कानाला स्कार्फ गुंडाळून बसली होती. आम्ही तिच्याजवळूनच वर गेलो होतो. नवऱ्याने तिला मिठीच मारली.

"त्या वाटेने गेलात ना? ठसे होते," मी विचारलं.

"चार पावलं गेले आणि थबकले. पुस्तक म्हणतं सरळ चाला, आणि तिथे सरळ वाटच नाही, दोन्ही वाकड्या. म्हटलं, तू फाटा लिहायची विसरणं शक्यच नाही. मीच कुठेतरी चुकले असणार. मग कडेच्या गवतावरून, पुस्तकातली शेवटची खूण म्हणजे ही भिंत सापडेपर्यंत मागे आले आणि बसले."

आयुष्यभर मला टोमणे मारणारी ही बाई. माझ्या शब्दावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मला रडूच कोसळलं.

"ताई, फाटा आहे. तुम्ही नाही, मी चुकले."

चिडवायला याहून चांगली संधी तिला मिळाली नसती, पण तिने आपला स्कार्फ काढून माझ्या कानांना गुंडाळला.

खाली रेंज आल्यावर मी प्रकाशकांना फोन लावला. नवरा हळूच म्हणाला, "अगं, एका ओळीसाठी? पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर. पुन्हा छापतील की नाही, कोण जाणे."

"सगळेच काही मागे येऊन बसणार नाहीत," मी म्हटलं.

पलीकडून प्रकाशकांचा आवाज आला, "बोला लेखिकाबाई, टेम्पो भरतोच आहोत."

"उतरवून घ्या," मी म्हणाले.