लीलाबाईंचं कार्ड

विश्रामबागेत गोधड्यांचं दुकान चालवणाऱ्या राजेश्वरीला सीएनं बजावलं, की घरून गोधड्या शिवून देणाऱ्या प्रत्येकीचं पॅनकार्ड लागेल. म्हणून ती माणमधल्या लीलाबाईंकडे गेली. त्यांनी मुंबईला असलेल्या नवऱ्याच्या कार्डाची झेरॉक्स पुढे केली.

“शिवता तुम्ही, मग कार्डही तुमचंच हवं,” राजेश्वरी म्हणाली.

“मी कवा काढलंच न्हाई.”

राजेश्वरीनं त्यांना गाडीत घालून दहिवडीला नेलं आणि अर्ज भरून दिला.

काही दिवसांनी लीलाबाईंचा फोन आला.

“ताई, कार्ड आलं! त्येच्यावर माज्या आप्पांचं नाव हाय. लगीन झाल्यापासनं मी कुणाची लेक, हे कुणी इचारलंच नव्हतं.”

राजेश्वरीनं कार्डाचा फोटो मागितला, तर नवी साडी नेसून, कार्ड छातीशी धरून हसणाऱ्या लीलाबाईंचाच फोटो आला.