पालथी वाटी

दादा-वहिनीचा अबोला सुरू झाला की घरात सगळ्यात जास्त तोंड चालवावं लागतं ते मला. माझा गुन्हा एवढाच की मी मधल्या खोलीत बसते. शिवणयंत्र तिथं, उजेड तिथं, त्यामुळे गिऱ्हाइकांचे पडदे आणि उसवलेल्या पँटी घेऊन मीही तिथंच. स्वयंपाकघरातून आवाज येतो, "वन्सं, तुमच्या दादांना सांगा, चहा झालाय." एरवी ती मला नावानं हाक मारते, डोकं फिरलं की मी वन्सं होते. दादा माझ्यापासून हातभर अंतरावर उभा असतो. त्याला सगळं ऐकू गेलेलं असतं. तरी मी सांगेपर्यंत तो माझ्या तोंडाकडे बघत राहतो. आणि मी मुकाट्यानं सांगते.

या खेपेचं कारण होतं भिंत. वहिनी माहेरी गेली होती, तेवढ्यात दादानं झोपायच्या खोलीची एक भिंत हिरवीगार करून टाकली. तिला सरप्राइज द्यायचं होतं म्हणे. वहिनी केकच्या दुकानात क्रीमची फुलं काढते. दिवसभर रंगांतच बुडालेली असते, आणि तिलाच विचारलं नाही! तिनं भिंत बघितली, बॅग खाली ठेवली आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. मग तिचा रुसवा काढायला माझ्या भावानं काय करावं? कुत्र्याचं पिल्लू आणलं. तेही तिला न विचारता.

पॉमेरेनियनचं पिल्लू होतं, आईपासून फार लवकर तोडलेलं. ओंजळीत ठेवलं तरी ओंजळ रिकामीच वाटायची. मी तिचं नाव गुंडी ठेवलं, कारण माझ्या खोलीत बटणाएवढी वस्तू हरवली की कधीच सापडत नाही. पहिल्या दिवशी वहिनीनं तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर बाई फरशीवर पालथ्या पडून तिला बोटानं भरवताहेत.

दादानं हौसेनं दूध पाजलं, ते सगळं मागच्या बाजूनं बाहेर आलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. दूध बंद. पिल्लांचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवायचं, चेचून मऊ करायचं, थोडं थोडं द्यायचं आणि पुष्कळदा द्यायचं. झोपायच्या आधी द्यायचं, उजाडताच द्यायचं. "इतक्या लहान जातीच्या पिल्लाच्या अंगात साठाच नसतो," त्या म्हणाल्या. "खाणं चुकलं की रक्तातली साखर उतरते. आणि भूक लागली म्हणून हे रडेलच असं नाही हं. गप्प पडून राहील."

आम्ही तिघांनी माना डोलावल्या. अडचण अशी की दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि दोघंही भरवत होते. एकदा गुंडीनं पाठोपाठ दोघांच्या हातून जेवून सगळं माझ्या गिऱ्हाइकाच्या कोऱ्या पडद्यावर ओकून टाकलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कात्री आपटली आणि दोघांना ऐकू जाईल असं ओरडले, "आजपासून मी निरोप पोचवणार नाही! तोंडं आहेत ना तुम्हाला? वापरा."

मला वाटलं, आता तरी बोलतील. कसलं काय! त्यांनी वाटी शोधून काढली. गुंडीला भरवून झालं की तिची वाटी धुऊन ओट्यावर पालथी ठेवायची. पालथी म्हणजे पोट भरलेलं. हे कुणी कुणाला सांगितलं नाही. एकानं ठेवली, दुसऱ्यानं ओळखली, आणि गाडी सुरू झाली. चार शब्द टाळायला माणसं केवढी अक्कल चालवतात! मला राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं. चला, निदान माझ्या जिवाची कटकट गेली.

त्या सकाळी मी उठले तेव्हा दादा घरात नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्याशा इमारतीत माणसं अडकली म्हणून त्याला पहाटेच बोलावणं आलं होतं. वहिनी घाईघाईनं आवरून निघाली. जाताना तिनं ओट्याकडे नजर टाकली आणि गुंडीच्या डोक्यावरून बोट फिरवलं. चहा करताना मीही बघितलं. वाटी पालथी होती.

गुंडी माझ्या पायाशी चिंध्यांच्या टोपलीत झोपली होती. एरवी ती दोऱ्याची टोकं ओढते, माझ्या अंगठ्याला दात लावते, यंत्राचा पायटा हलवू देत नाही. त्या दिवशी शांत होती. मला बरंच वाटलं. एका हॉटेलचे पडदे द्यायचे होते, आणि मी मान खाली घालून टीप मारत राहिले. मध्ये एकदा म्हणालेसुद्धा, "शहाणी झालीस गं!"

पडदे संपवून मी तिला उचललं तर मान माझ्या हातावरून खाली लोंबली. मी हाका मारल्या, पाठ चोळली, तोंड उघडून बघितलं. हिरड्या पांढऱ्याफटक. कान गार. ती श्वास घेत होती, पण इतका बारीक की मला वाटे मीच तो घेतेय.

दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखरेचं पाणी करा, बोटानं हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, गुदमरेल. उबेत गुंडाळा आणि तशाच निघा. मी साखर चोळली. एरवी बोट दिसताच चाटणारी जीभ हललीच नाही. आयुष्यभर कापडावर चाललेली माझी बोटं, त्यांना त्या एवढ्याशा तोंडात काय करावं तेच कळेना. मी दोघांना फोन केले, तिला स्वेटरच्या आत छातीशी धरलं आणि धावत सुटले. रस्ताभर मी तिच्याशी काय काय बोलत होते, आठवत नाही.

दवाखान्यात तिला गरम पिशवीवर ठेवलं. डॉक्टरीणबाई तिच्या पायातली शीर शोधू लागल्या. शीर कसली, शिवणीच्या दोऱ्याहून बारीक. तेवढ्यात दादा आला, हात काळे, ग्रीसनं माखलेले. मागोमाग वहिनी आली, अॅप्रनसकट.

"शेवटचं कधी खाल्लं हिनं?" डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं.

दादा माझ्याकडे वळला. "तिला विचार, सकाळी किती वाजता दिलं?"

वहिनीही माझ्याकडेच वळली. "वन्सं, तुमच्या दादांना सांगा, मी नाही दिलं. वाटी पालथी होती."

दोघं एकमेकांना खेटून उभे होते. समोर टेबल, टेबलावर ते मूठभर जनावर, आणि यांना अजून मी हवी होते. मला त्या क्षणी दोघांची किळस आली. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"अहो, कुणीतरी सांगा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

मग वहिनी त्याच्याकडे वळली. "तू सकाळी दिलं नाहीस?"

"नाही. मी अंधारातच निघालो. वाटलं, तू उठलीस की देशील. आणि रात्री?"

"रात्री तू आलास की देतोस ना? मी संध्याकाळी दिलं, तेवढंच."

"पण मी आलो तेव्हा वाटी पालथी होती."

"ती संध्याकाळची, अरे. ती संध्याकाळचीच होती."

वाटी पालथी आहे एवढंच ओट्यावरून दिसायचं. कधीपासून पालथी आहे, ते तोंडानंच सांगावं लागलं असतं. संध्याकाळपासून आम्ही तिघंही त्या वाटीकडे बघून पुढे गेलो होतो.

सुई एकदाची शिरेत गेली. डॉक्टरीणबाईंनी साखर चढवली, पाय चोळले, पिशवी बदलली, छातीवर दोन बोटं ठेवून दाबत राहिल्या. आम्ही तिघं नुसते उभे. दादाला हात लावायचा होता, पण हात ग्रीसचे. वहिनी पुन्हा पुन्हा विचारत होती, "उठेल ना? आता उठेल ना?" कुणाला विचारत होती कोण जाणे. माझी बोटं अजून साखरेनं चिकट होती. गुंडीच्या पोटाची हालचाल झाल्यासारखी वाटायची, मग कळायचं, ती डॉक्टरीणबाईंच्या दाबण्यामुळे होतेय.

शेवटी त्यांनी हात काढून घेतला. "फार उशीर झाला हो," त्या हळूच म्हणाल्या.

वहिनीनं अॅप्रन सोडला, त्यात गुंडीला गुंडाळलं आणि कुणाला देईना. मग ती दादाला म्हणाली, "चल, घरी जाऊ." दादा म्हणाला, "मी धरू का तिला?" ती म्हणाली, "हात पूस आधी." त्यानं शर्टाला हात पुसले.

ती दोघं बोलत बोलत जिना उतरली. मी मागून चालले होते. मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.