बापाकडचं

तिसऱ्यांदाही आकडा तोच आला, तेव्हा तिउर्मा सिस्टरने स्याफनीरच्या दंडावरचा पट्टा सोडला. वरचं एकशे नव्वद, खालचं एकशे वीस.

"फॉर्मवर लिहिलंय, घरात कुणालाच बीपी नाही."

"नाहीच मुळी," शेजारी बसलेली त्याची आई म्हणाली. "आम्ही पिलियांग कुळाचे. माझी आई नव्वदीतसुद्धा भात कांडायची. याच्या मामांना विचारा हवं तर."

"आणि याचे वडील?"

"ते चानियागो कुळाचे. त्यांचं मध्येच काय?"

सिस्टर बटाक जमातीची, उत्तरेकडची. तिच्याकडे कूळ बापाचं चालतं, इथल्यासारखं आईचं नाही. तिने कपाळाला हात लावला.

"अहो, पण गेले कशाने?"

"नमाज पढताना कोसळले," स्याफनीर म्हणाला. "चाळिशीत. दोन्ही काका तसेच गेले. आत्याची एक बाजू लुळी आहे." शेजाऱ्यांची खबर द्यावी तसं त्याने सांगितलं.

सिस्टरने पाडांग शहरातल्या प्रयोगशाळेतून आलेला कागद काढला.

"मागे तुमच्या घरातल्या सगळ्यांचं रक्त नेलं होतं ना, त्याचा निकाल. यांच्या जनुकांत एक फरक सापडलाय. असल्या अंगाला मीठ बाधतं, बीपी चढतं. " ती आईकडे वळली. "अमाक, तुमच्यात तो नाही. म्हणजे वडिलांकडूनच आला."

कुळावर डाग नाही म्हणून म्हातारी क्षणभर सुखावली. मग मुलाचा चेहरा दिसला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

बापाची शेती रिवाजाप्रमाणे त्याच्या भाच्यांना गेली होती. स्याफनीरला घर, कूळ, मान, सगळं आईकडून मिळालेलं. बापाचं काहीतरी आपल्यापाशी आहे, हे त्याला अडतिसाव्या वर्षी कळत होतं. त्याला एकदम गलबलून आलं.

"गोळी रोज घ्यायची. डोकं दुखेल तेव्हाच, असं चालणार नाही," सिस्टर म्हणाली. "मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे," आई घाईने म्हणाली, "पण ती सुनेच्या कुळाची. तिच्या मामाला न विचारता नाव घालू नका. उद्या बोल आपल्याला लागेल."

स्याफनीरने सिस्टरच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं, रहमी, वय नऊ.

"तिच्यात असेलच असं नाही हं," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "निम्मी शक्यता."

"जन्मल्यापासून सगळे म्हणतात, पोरीने बापाचं काही म्हणून घेतलं नाही," तो म्हणाला. "फार लागायचं मला ते. सिस्टर, आता तेच खरं निघू दे."